ते शेवयांचं यंत्र नव्हतं

शेवटच्या दिवशी दुपारी आपण दोघं ओट्यावर बसून ती लोखंडी मगर बघत होतो. शेजारच्या कंपाउंडरनं आणून दिलेली. बापाच्या पेटीत सापडली म्हणाला, काय आहे ते सांगा. वीतभर लांब, मगरीसारखा जबडा, वरचा दांडा उचलला की उघडतो. आत एकापुढे एक चार खळगे, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि खळग्यांना दाते. मी रॉकेलचा बोळा फिरवून बिजागरी मोकळी केली आणि सांगून टाकलं, अडकित्त्यातलाच प्रकार आहे, अक्रोड फोडायचा. तू आतून बोट फिरवलंस.

"फोडायचा नाही. दाते बोथट आहेत. मुद्दाम बोथट केलेत. हे दाबायचं आहे."

"काय दाबायचं?"

"ते मला काय माहीत. मऊ काहीतरी."

"मऊ दाबायला लोखंड कशाला लागतं?"

"तुम्हाला आपलं प्रत्येक वेळी फोडायचंच असतं," म्हणालीस आणि चहा टाकायला उठलीस. दारात थांबून विचारलंस, "हाजराबीला थंडी पडली की गोदामात न्यायचं मी कबूल केलंय. ते चुण्यांचं यंत्र जागेवर आहे ना हो?"

मी बिजागरीत तेल सोडत होतो. वर न बघता म्हणालो, "आहे. जाणार कुठे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं आणि तू उठली नाहीस.

तर माझं तुझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे असं. आणि ते खोटं. यंत्र जागेवर नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ते मोडीत गेलं, आणि घालणारा मी. हे तुला जिवंतपणी सांगायचं होतं असं म्हणणार नाही, कारण ते दुसरं खोटं होईल. सांगायचं नव्हतंच. सांगायची वेळ येऊ नये एवढंच बघत होतो.

महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस म्हणाले, वहिनींबद्दल चार ओळी लिहून द्या, अंकात घालू. मी म्हटलं मी चौथी पास, मला काय लिहिता येतंय. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. बोलतो तसं लिहायचं तर ते तुझ्याशीच बोलावं लागेल. मी दुसऱ्या कुणाशी एवढं बोललोच नाही.

आपण नागपूरहून इकडे आलो ते आपल्या मर्जीनं नाही. राज्य नवीन झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि कचेरीतल्या टेबलखुर्च्यांबरोबर माणसंही गाडीत चढवली. साहेब लोकांना बंगले मिळाले. आम्हा मिस्त्री-चपराशांना म्हणाले, मिळेल तिथे बघा. आपल्याला जुन्या शहरात, बुधवाऱ्यात दोन खोल्या मिळाल्या, गल्लीत आपण एकटेच मराठी. पहिल्या दिवशी तू पाणी आणायला गेलीस आणि रडत नाही तर हसत परत आलीस. म्हणालीस, "इथल्या बायका मला आप म्हणतात. माझ्या सासूनंही कधी म्हटलं नाही."

मला काम दिलं ते गोदामाचं. जुन्या संस्थानाच्या वेळचं सामान तिथे भरून ठेवलेलं. वाड्यांतलं, तबेल्यातलं, छापखान्यातलं, कुठकुठलं. संस्थान गेलं, मधलं सरकार आलं, तेही गेलं, आणि प्रत्येकानं आपलं न ओळखू येणारं लोखंड त्या गोदामात ढकललं. हुकूम असा की एकेक वस्तू उचलायची, यादीत तिचं नाव लिहायचं, काय कामाची ते लिहायचं, मग वरून ठरणार, ठेवायची की मोडीत काढायची. ज्याचं नाव सांगता येणार नाही ते सरळ मोडीत. म्हणजे नाव मिळालं तर वस्तू वाचली. सक्सेनाबाबू लिहिणार, मी सांगणार. मला म्हणाले, "मिस्त्री, तुम पच्चीस साल से मशीन में हाथ डाल रहे हो, तुम बताओ।"

मला कुठे माहीत होतं. मी पाने, कानशी, पंप, गिरणीचा पट्टा ओळखायचो. तिथे तर असल्या असल्या चीजा की पाहून हात मागे घ्यावा. म्हणून शनिवारी एकदोन वस्तू पिशवीत घालून, बाबूंना विचारून, घरी आणायला लागलो. रविवारी जेवण झालं की चटई टाकायची, वस्तू मधे ठेवायची आणि दोघांनी बघायची. इतर नवराबायको पत्ते खेळतात तसं आपण ते खेळायचो.

पहिल्यांदा आणली ती एक लाकडी फळी. पुढे बेडकाच्या तोंडासारखी खाच, खाली एक पट्टी, म्हणून तिरकी उभी राहते. मी म्हटलं, घोड्याचा पाय ठेवायची, नाल ठोकताना. तू फळी उलटीपालटी केलीस, उजेडाकडे धरलीस. "इथे खाचेत काळं झालंय, टाचेचं. आणि इथे मधे गुळगुळीत झालंय, दुसऱ्या पायाचं. घोड्याचं नाही, घोड्यावर बसणाऱ्याचं आहे. बूट काढायची." मग जमिनीवर ठेवून, एक पाय फळीवर, दुसऱ्याची टाच खाचेत, मला करून दाखवलंस. नऊवारी सावरत. मी हसलो आणि सोमवारी तसंच लिहून दिलं.

तुझी रीत एकच. मी वस्तू बघताना दाते मोजायचो, आटे बघायचो, कुठल्या यंत्राला बसेल याचा विचार करायचो. तू झीज बघायचीस. "वस्तू कशी केली ते बघू नका," म्हणायचीस, "कशी वापरली ते बघा. जिथे झिजलं तिथे काम झालं." हे तुझ्या बापाचं शिक्षण. आपली दोन्ही घरं पाथरवटांची. तुझा बाप घरोघर जाऊन जात्या-पाट्यांना टाकी लावायचा, आणि पाटा बघून सांगायचा की या घरात वाटणारी बाई कुठल्या हातावर जोर देते, थकलेली आहे की रागावलेली. मी छिन्नी सोडून पान्याकडे गेलो, पगारी झालो, आणि मला वाटायचं मी पुढे गेलो. तू बापाचं सगळं घेऊन माझ्या घरी आली होतीस आणि मला ते दिसायला भोपाळला यावं लागलं.

तू चुकायचीसही. ते सांगितलं नाही तर तूच म्हणशील, मेल्यावर देवी केली. पितळेची नळी आणली होती, वर लहान काचेची खिडकी, आत पिवळसर पाणी आणि एक बुडबुडा. तू म्हणालीस अत्तर. मी म्हटलं, अगं ही पातळी बघायची नळी आहे, गवंडी-सुतार वापरतात. तू म्हणालीस, गवंडी इतकी सुंदर वस्तू वापरत नाहीत. तीन दिवस ऐकलं नाहीस. माझा डोळा चुकवून सुईनं टोक उघडायला बघितलंस, वास घ्यायला. मी ओरडलो. तू म्हणालीस, "असू दे तुमची पातळी. पण अत्तर असतं तर बरं झालं असतं." हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग ती कात्री आली, जिथून सगळं बिघडलं. साधी कात्री, पण एका पात्यावर लहान डबी बसवलेली. मी कचेरीत आधीच सांगून बसलो होतो की चिरूट कापायची, डबीत तुकडा पडतो. लिहूनही झालं होतं. तू डबीत कापसाचा बोळा फिरवलास, काळा निघाला. "काजळी आहे. दिव्याची जळकी वात कापायची, निखारा गालिच्यावर पडू नये म्हणून डबी." मी दुसऱ्या दिवशी जाऊन खोडून घेतलं. सक्सेनाबाबूंनी चष्म्यावरून बघितलं. "किसने बताया?" मी भोळा, म्हटलं घरी बायको म्हणाली. गोदामात सहासातजण होते. सगळे हसले. मोडीचं लोखंड तोलणारा तोलाईवाला म्हणाला, "तो मिस्त्रीजी, हाज़िरी भी उन्हीं की लगवा दो। अफ़सर कौन है, आप या घरवाली?" पुढचे पंधरा दिवस मी गेलो की कुणीतरी म्हणायचं, घरून हुकूम आला का. मी हसायचो. पण आत लागलं. तुला ते सांगितलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी ते यंत्र. सायकलवर बांधून आणलं, तू दारातच म्हणालीस, "हे काय, तान्हं मूल आणल्यासारखं आणताय." लाकडी पाटावर बसवलेले दोन पितळी लाट, लाटण्यासारखे रूळ, दोन्हींवर खोल पन्हळी, एकाची पन्हळ दुसऱ्याच्या फुगवट्यात बसते. बाजूला दांडा, फिरवला की दोन्ही फिरतात. लाट आतून पोकळ. मी शुक्रवारीच कचेरीत छातीठोकपणे सांगितलं होतं, शेवया करायचं यंत्र. सगळ्यांना पटलं होतं. ईदच्या गोष्टी निघाल्या, शीरखुर्म्याच्या. सक्सेनाबाबू म्हणाले, "वाह मिस्त्री, ये तुमने ख़ुद पहचानी।" ख़ुद या शब्दावर सगळे परत हसले, पण या वेळी माझ्या बाजूनं.

रविवारी तू जेवायच्या आधीच बसलीस. पन्हळीत सुई फिरवलीस. "पीठ नाही. पीठ कितीही धुतलं तरी कोपऱ्यात राहतं, पिवळं पडून. इथे धागा आहे, करपलेला." पोकळीत बोट घालून हुंगलंस. "आत तापलेली सळई घालत असणार. हे कापडाचं आहे. चुण्या पाडायचं." मी म्हटलं, शेवया. तू म्हणालीस, चुण्या. जेवण गार झालं. मग तू पाट फिरवलास आणि मागची कड चाचपत राहिलीस. बराच वेळ.

"अहो, इकडे या. ही नावाची पितळी पट्टी इकडे, म्हणजे ही पुढची बाजू. असं बसलं की दांडा उजव्या हाताला येतो. पण इकडचं लाकूड बघा, नवं आहे. झिजलंय ते मागच्या बाजूला, मनगट टेकून टेकून. बसणारी उलट्या बाजूनं बसायची. दांडा डाव्या हाताला यावा म्हणून." माझा हात धरून त्या खळग्यात ठेवलास. माझा मावला नाही. "डावखुरी होती. आणि हात लहान होता. पोरवयातच बसवली असेल बिचारीला."

मी नोकरीची सगळी बत्तीस वर्षं लोखंडात काढली, पण यंत्रातून बाई निघालेली मी तेव्हा पाहिली. मनात कबूल केलं. तोंडानं म्हणालो, "बरं, बदलून घेतो."

सोमवारी गेलो. पायरी चढतानाच तोलाईवाल्यानं विचारलं, "क्यों मिस्त्रीजी, सिवइयाँ पास हुईं घर पर?" मी म्हटलं, "घर पर पूछता ही नहीं।" आणि नोंद तशीच ठेवली. संध्याकाळी तू विचारलंस, "बदललं?" मी म्हटलं, "बदललं." एवढंच. एक शब्द. तू समाधानानं भाकरी थापायला बसलीस.

इथवर असतं तरी ठीक होतं, पितळेचा तुकडा होता. पण तू स्वस्थ बसणारी नव्हतीस. गल्लीतल्या बायकांना विचारत सुटलीस, पूर्वी बेगमांकडे कपड्याला चुण्या पाडणारी डावखुरी बाई कुणी होती का. तुझं ते नागपुरी हिंदी. "मेरेकू बताओ ना, बाएँ हाथवाली।" आठवडा झाला नाही तर हाजराबीला घेऊन दारात. तीन घरं सोडून राहणारी, सुईसारखी ताठ म्हातारी. डावखुरी ती नव्हे, तिची आई. नऊ वर्षांची असताना वाड्यात लागली, दुपट्ट्यांच्या किनारीला चुण्या पाडायची, मरेपर्यंत तेच केलं. हाजराबी लहानपणी सळया तापवून द्यायची. ती मला म्हणाली, "भाई साहब, अम्मा की तस्वीर नहीं है। कोई चीज़ नहीं है। आपकी बीवी ने बिना देखे बता दिया कि उनका हाथ छोटा था।" तिला यंत्र घरी नको होतं. सरकारचं आहे, सरकारकडे राहू दे. ते आहे एवढंच पुरे, आणि कधी जमलं तर एकदा तिथे हात ठेवायचा. तू तिचा हात धरून म्हणालीस, "सँभालके है। इनोने बराबर नाम लिखा है।"

मी तिथेच उभा होतो. त्या दिवशी ठरवलं, उद्या जाऊन खोडतो, हसू दे. उद्या गेलो नाही. परवाही नाही. वरून यादी परत आली. शिवणकाम, विणकाम, कापडाची यंत्रं उद्योगशाळेसाठी राखून ठेवा. स्वयंपाकघरातलं जुनं सगळं मोडीत. आता तरी बोलायला हवं होतं. ट्रक आला त्या दिवशी मीच वस्तू हातात देत होतो. सक्सेनाबाबू यादीवर खुणा करत होते. यंत्रापाशी आले, थांबले, माणूस वाईट नव्हता, त्यांनाही ते सुंदर वाटलं असेल. "मिस्त्री, ये सिवइयों वाली भी?" तोलाईवाला बाजूला उभा, विडी ओढत, माझ्याकडे बघत.

मी म्हटलं, "हाँ, ये भी।"

आणि उचलून दिलं. देताना माझं मनगट त्या खळग्यात टेकलं. वर ट्रकातल्या माणसानं ते बंबाच्या टाकीवर फेकलं, आणि दांडा तिथेच तुटला.

त्यानंतर सहा वर्षं. दर ईदेला हाजराबीचं ताट यायचं, आणि ताट परत करताना तू मला विचारायचीस, यंत्र आहे ना. मी म्हणायचो आहे. तू म्हणायचीस, एकदा नेऊ या तिला. मी म्हणायचो परवानगी लागते, साहेब बदललेत, गोदाम हलवायचं चाललंय, पावसाचं पाणी शिरलंय. मी निवृत्त झालो तेव्हा म्हणालो, आता माझं कोण ऐकतंय. आपला मुलगा वसंता मोठ्या कारखान्यात लागला, शहराबाहेर बरखेड्यात क्वार्टर मिळालं, आणि बुधवारा सुटला तेव्हा तू गल्लीत एकेकीच्या गळ्यात पडून रडलीस. मला आत सुटल्यासारखं झालं. पण तू महिन्यातून एकदा बस धरून जायचीसच, सकाळी गेलेली संध्याकाळी यायचीस. काय करता गं दिवसभर, विचारलं तर म्हणायचीस, कामं असतात.

आता दुपारी ओट्यावर बसलो की एकच गोष्ट मनात घोळते. तुला माहीत होतं का? पाट बघून ज्या बाईला हाताचं माप कळलं, तिला चाळीस वर्षं संसार केलेला नवरा कुठे झिजलाय ते कळू नये? तू तोच प्रश्न पुन्हा पुन्हा का विचारायचीस? माहीत नव्हतं म्हणून, की मी कधीतरी बोलावं म्हणून? त्या दिवशी दारात थांबून विचारलंस तेव्हा मी वर बघायला हवं होतं. तोंड बघितलं असतं तर कळलं असतं. मी तेल सोडत बसलो.

दहाव्याच्या दिवशी कंपाउंडर आला, मगर न्यायला. त्याच्या चुलत्यानं ओळखली. बाटल्यांची बुचं दाबून मऊ करायची, म्हणजे नीट बसतात, जुने दवाखानेवाले ठेवायचे. तू बरोबर होतीस. हे सांगायला मी आत वळलो, स्वयंपाकघरात दोन पावलं गेलोही. मग तिथेच उभा राहिलो. सून म्हणाली, बाबा, काही हवंय का. मी म्हटलं, पाणी दे.

आणि तेराव्यानंतर हाजराबी आली. बसनं, सुनेला बरोबर घेऊन. म्हातारीच्या गुडघ्यात आता काही उरलेलं नाही, ओट्याच्या तीन पायऱ्या चढायला वेळ लागला. तुझ्या फोटोकडे बघत बसली. मग म्हणाली, "भाई साहब, वो ज़बान देकर गई हैं। कहती थीं, ठंड में ले चलूँगी। अब तो आप ही ले चलिए। मेरा भी क्या भरोसा।"

मी म्हटलं, "कल बताता हूँ।"

ती गेल्यावर वसंताला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, एवढं काय त्यात. सांगा, सामान ग्वाल्हेरला हलवलं. म्हातारी कुठे बघायला जातेय."

"आणि तुझ्या आईनं शब्द दिला होता त्याचं काय?"

"म्हणून तर म्हणतो. खरं सांगितलंत तर आई खोटी पडेल. ती सहा वर्षं सांगत होती, आहे म्हणून."

त्याचं चुकत नव्हतं. मला तेच टोचत होतं. माझं जे व्हायचं ते होवो. पण गल्लीत तुझ्या शब्दाला मोल होतं. तू 'आहे' म्हणालीस की बायका पुढे विचारायच्या नाहीत. माझ्या एका 'हाँ'पायी तुझा शब्द खोटा ठरणार होता, आणि तो सावरायला तू नव्हतीस. आणखी एक खोटं घातलं तर तुझं नाव राहत होतं. खरं सांगितलं तर माझ्यापेक्षा तुझंच जास्त जात होतं. असला हिशेब मला सुटत नाही. तू असतीस तर तुलाच विचारलं असतं, आणि मग सक्सेनाबाबूंसमोर स्वतःचं म्हणून सांगितलं असतं.

सकाळी उठलो, आंघोळ केली, पहिली बस धरली. बुधवाऱ्यात उतरून गल्लीत शिरलो. आपल्या खोल्यांत आता कुणी दुसरे राहतात, दारावर हिरवा पडदा आहे. हाजराबीचं दार उघडंच होतं. ती अंगणात बसली होती, पुढे घमेल्यात खळ घातलेलं पाणी, त्यात ओली ओढणी. मला बघून तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि सुनेला चहाचं सांगितलं.

मी उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर शब्द फिरवला असता. म्हटलं, "मशीन नहीं है। छह साल पहले कबाड़ में गई। मैंने नाम ग़लत लिखवाया था, सिवइयों की। ग़लत है मालूम हुआ, तो भी जानबूझकर रहने दिया। बाद में मालूम हुआ आपकी अम्मा की है, तब भी नहीं बदला। ट्रक में मैंने ही चढ़ाई।"

तिचा हात पाण्यात होता, तो तसाच राहिला. सून चहाची कपबशी घेऊन दारात आली आणि आतच थांबली. मी वाट बघत होतो की ती शिवी देईल. द्यायला हवी होती.

तिनं विचारलं, "उनको बताया था?"

"नहीं।"

"आख़िर तक?"

"आख़िर तक नहीं।"

तिनं मान हलवली. ओढणी पाण्यातून काढली, पिळली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो फिर वो सच बोलकर गई हैं। झूठ आपका है। वो आप रखिए।"

मी म्हटलं, "जी।"

मला वाटलं आता निघावं. पण तिनं ओल्या ओढणीचं एक टोक उचललं आणि माझ्यापुढे केलं. "पकड़िए।" यंत्र नव्हतं तेव्हा तिची आई बोटांनीच चुण्या घालायची, ती म्हणाली, एकानं टोक ताणून धरायचं, दुसऱ्यानं चिमटीत घेत घेत यायचं, मग पिळून बांधायचं. गल्लीतल्या पोरींच्या लग्नाच्या ओढण्या ती अजून करते. टोक धरायला महिन्यातून एकदा तू यायचीस. सून धरते, पण तिला घरात शंभर कामं.

मी जमिनीवर बसलो आणि टोक धरलं. ती दुसऱ्या टोकापासून निघाली, चिमट, चिमट, नखाएवढी एकेक. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. सुनेनं चहा माझ्या बाजूला ठेवला, पण दोन्ही हात गुंतलेले. ऊन भिंतीवरून खाली अंगणात उतरलं. माझं मनगट दुखायला लागलं, हात जरासा खाली आला.

"ढीला मत छोड़िए," ती म्हणाली.

मी ताणून धरलं.